गोळी एक, वाटेकरी अनेक

१९७१ साली टोकियोतल्या सांक्यो या औषध कंपनीत अकिरा एंडो या जीवरसायनशास्त्रज्ञांनी एक चिकाटीचं काम हाती घेतलं. बुरशीचे नमुने एकेक करून वाढवायचे आणि कोलेस्टेरॉल तयार होण्याची क्रिया त्यांतल्या एखाद्याच्या रसाने थांबते का, ते बघायचं. तर्क सरळ होता. बुरशीला आपल्या जागेवर दुसरे सूक्ष्मजीव नको असतात. त्यांना हुसकावायला ती रसायनं सोडते, पेनिसिलिन त्यांतलंच. मग ज्या सूक्ष्मजीवांना जगायला कोलेस्टेरॉलसारखी स्टेरॉलं लागतात, त्यांची रसदच तोडणारी बुरशीही कुठेतरी असणार. दोन वर्षांत सुमारे सहा हजार नमुने तपासून झाले. अखेर क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर मिळालेल्या पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीने १९७३ मध्ये हवं ते दिलं. त्या रसायनाला पुढे कॉम्पॅक्टिन हे नाव पडलं. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांच्या घराण्यातलं हे थोरलं भावंड.

कॉम्पॅक्टिन उंदरांना दिलं, तर त्यांचं कोलेस्टेरॉल तसूभरही हललं नाही. प्रकल्प तिथेच गुंडाळला जायचा. पण एंडो यांनी एका सहकाऱ्याच्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर ते पुन्हा करून पाहिलं, आणि कोंबड्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल निम्म्यापर्यंत उतरलं. औषध तेच होतं. शरीर बदललं आणि निकाल बदलला.

उंदीर आणि कोंबडी यांच्यात एवढा फरक पडावा, यात नवल नाही. पण एकाच वयाच्या, एकाच वजनाच्या, एकच गोळी घेणाऱ्या दोन माणसांतही फरक पडतो तेव्हा काय म्हणायचं? ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ हे तर आपण म्हणतोच. गेल्या दीड-दोन दशकांत या प्रकृतीचा एक नवा पत्ता हाती लागला आहे. तो आहे आपल्या आतड्यात.

तीच गोळी, वेगवेगळे रिपोर्ट

स्टॅटिनचं मुख्य काम यकृतात चालतं. कोलेस्टेरॉल बनण्याच्या लांबलचक साखळीत एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एक विकर असतं. ते अडलं की पुढचं सगळं अडतं. स्टॅटिन नेमकं त्यालाच अडवतं. यकृताच्या पेशीला कोलेस्टेरॉलची टंचाई जाणवू लागते आणि ती भरून काढायला ती आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवते. रक्तातून फिरणारं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतो ते, या रिसेप्टरांच्या हाती लागतं आणि रक्तातलं प्रमाण उतरतं. हे रिसेप्टर शोधणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. अॅस्परजिलस टेरेअस या बुरशीपासून मिळालेल्या लोव्हास्टॅटिनला १९८७ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीने शंका उरू दिली नाही: सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी झालं होतं.

हे झाले सरासरीचे आकडे. सरासरीच्या पोटात काय दडलेलं असतं, ते ‘ज्युपिटर’ या मोठ्या चाचणीच्या फेरतपासणीत दिसलं. रोज २० मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिन दिलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोकांचं एलडीएल निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरलं. सुमारे ४३ टक्के लोकांचं उतरलं, पण तितकं नाही. उरलेल्या सुमारे ११ टक्के लोकांचं जराही उतरलं नाही, काहींचं तर वाढलं.

यातले काही जण गोळ्या नीट घेत नसणार, हे उघड आहे. काहींच्या जनुकांत फरक असतो. उदाहरणार्थ, रक्तातलं स्टॅटिन यकृताच्या पेशीत ओढून घेणारं एक प्रथिन असतं आणि त्याची घडण सगळ्यांत सारखी नसते. शिवाय आहार, थायरॉइड, सोबतची औषधं. एवढी सगळी वजाबाकी करूनही काही फरक शिल्लक उरतोच. तो शोधायचा तर कोलेस्टेरॉल शरीरातून बाहेर कसं पडतं, ते आधी पाहायला हवं.

पित्ताची फेरी

मराठीत ‘पित्त झालंय’ म्हटलं की आंबट ढेकर आणि छातीतली जळजळ आठवते. ती जठरातल्या आम्लाची करामत. इथलं पित्त वेगळं. ते यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि जेवल्यावर लहान आतड्यात उतरतं. चवीला कडू आणि रंगाने हिरवट-पिवळा असा हा रस साबणाचं काम करतो. तुपाने माखलेलं भांडं नुसत्या पाण्याने निघत नाही, तसं अन्नातलं स्निग्धही पित्ताशिवाय सुटत नाही.

हा साबण बनतो कोलेस्टेरॉलपासून. यकृत कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लात रूपांतर करतं आणि त्याला ग्लायसिन किंवा टॉरिन यांपैकी एकाची जोड देऊन आतड्यात सोडतं. शरीर मोठं काटकसरी. एकदा वापरलेल्या पित्ताम्लांपैकी जवळपास ९५ टक्के ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून परत शोषून घेतं आणि यकृताकडे पाठवतं. ही फेरी दिवसातून अनेकदा चालते. दर फेरीत थोडं निसटतं, आणि दिवसअखेर साधारण अर्धा ग्रॅम पित्ताम्ल शौचावाटे बाहेर जातं. ही तूट भरायला यकृत तेवढंच कोलेस्टेरॉल खर्ची टाकतं. अर्धा ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं, पण कोलेस्टेरॉल शरीराबाहेर जायच्या मुख्य वाटांपैकी ही एक आहे. स्टॅटिन बाजारात येण्याआधीचं कोलेस्टिरामिन हे औषध याच वाटेवर काम करायचं. ते स्वतः रक्तात शिरतच नाही. आतड्यात पित्ताम्लांना चिकटतं आणि त्यांना घेऊन बाहेर पडतं. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३,८०६ पुरुषांवरच्या अमेरिकी चाचणीत त्याने हृदयविकाराचे झटके आणि त्यातून येणारे मृत्यू १९ टक्क्यांनी कमी केले होते.

या फेरीच्या वाटेवर जिवाणूंची वस्ती आहे. यकृताने लावलेली ग्लायसिनची किंवा टॉरिनची जोड अनेक जिवाणू कापून टाकतात. मग क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्ससारखे मोजके जिवाणू पुढचा टप्पा करतात. मूळ पित्ताम्लाचा एक छोटासा भाग काढून ते त्यापासून डीऑक्सिकोलिक आणि लिथोकोलिक आम्ल तयार करतात. ही दुय्यम पित्ताम्लं माणसाच्या पेशींना बनवता येत नाहीत, ती जिवाणूंचीच कारागिरी. आणि ती नुसता साबण नसतात, निरोप्याचंही काम करतात. आतड्याच्या आणि यकृताच्या पेशींत पित्ताम्लं ओळखणारे रिसेप्टर असतात. पित्ताम्ल भरपूर आहे, आता नवं बनवू नका, असा निरोप त्यांच्यामार्फत यकृताला पोचतो. कोणतं पित्ताम्ल किती आहे, यावर या निरोपाचा जोर ठरतो. म्हणजे यकृत कोलेस्टेरॉल किती खर्च करणार, या हिशेबात जिवाणूंचाही हात आहे.

स्टॅटिनशी याचा संबंध २०११ मध्ये दिसला. सिमव्हास्टॅटिन सुरू करण्याआधी काही लोकांच्या रक्तातली पित्ताम्लं मोजली होती. औषधाचा ज्यांना चांगला गुण आला, त्यांच्या रक्तात काही पित्ताम्लं आधीपासूनच जास्त होती, आणि त्यांत लिथोकोलिक आम्लाच्या घराण्यातली, म्हणजे जिवाणूंनी बनवलेली, प्रामुख्याने होती. पहिली गोळी घेण्याआधीच जिवाणूंच्या कारभाराची खूण रक्तात उमटलेली होती. यकृताच्या पेशीत शिरायला स्टॅटिन आणि पित्ताम्लं काही दारं सामाईक वापरतात, हे लक्षात घेतलं तर हा संबंध तितकासा अनपेक्षित वाटत नाही.

डुकरांच्या सांडपाण्यातला साथीदार

पित्ताम्लांबरोबर खुद्द कोलेस्टेरॉलही आतड्यात उतरतं. त्यातलं बरंचसं पुन्हा शोषलं जातं. एझेटिमाइब हे औषध नेमकं हे शोषण रोखतं. काही जिवाणूही तोच परिणाम वेगळ्या मार्गाने साधतात. ते कोलेस्टेरॉलचं कोप्रोस्टॅनॉल करून टाकतात. कोप्रोस्टॅनॉल आतड्यात जवळजवळ शोषलंच जात नाही, ते सरळ बाहेर जातं.

असा एक जिवाणू १९९४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सापडला, तोही डुकरांच्या गोठ्यालगतच्या सांडपाण्याच्या तळ्यात. त्याचं नाव युबॅक्टेरियम कोप्रोस्टॅनॉलिजेनेस. माणसाच्या आतड्यात हे काम कोण करतं, हे मात्र बराच काळ नीट कळत नव्हतं, कारण तिथले पुष्कळसे जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढायलाच तयार नसतात. २०२० मध्ये संशोधकांनी जिवाणू वाढवण्याचा नाद सोडून त्यांच्या जनुकांचा माग काढला आणि या कामाच्या पहिल्या पायरीचं जनुक शोधलं. हे जनुक असलेले जिवाणू ज्यांच्या पोटात होते, त्यांच्या शौचात कोलेस्टेरॉल कमी होतं आणि रक्तातलंही कमी होतं. माणसाच्या स्वतःच्या कोलेस्टेरॉल-जनुकांतल्या फरकांनी जेवढा परिणाम होतो, त्याच्या तोडीचा हा परिणाम होता. २०२४ मध्ये फ्रेमिंगहॅमच्या प्रसिद्ध हृदय-अभ्यासातल्या चौदाशेहून जास्त लोकांच्या शौचनमुन्यांतून ऑसिलिबॅक्टर या जिवाणूंचंही नाव पुढे आलं. त्यांचं प्रमाण जास्त, तिथे कोलेस्टेरॉल कमी, असा संबंध दिसला.

थेट गोळीवर हात

आतापर्यंत जिवाणू कोलेस्टेरॉलच्या वाटेवर बसलेले दिसले. ते गोळीलाही हात लावतात का?

लावतात, आणि याचा एक जुना पुरावा हृदयाच्याच औषधातून आलेला आहे. डिगॉक्सिन हे औषध काही रुग्णांत नेहमीच्या मात्रेत लागू पडत नसे. त्यांच्या आतड्यातला एगर्थेला लेंटा हा जिवाणू ते निष्प्रभ करतो, हे १९८०च्या दशकात कळलं. अँटिबायोटिक दिल्यावर अशा रुग्णांच्या रक्तातलं डिगॉक्सिन एकदम वाढायचं. पुढे दक्षिण भारत आणि न्यूयॉर्क इथल्या लोकांची तुलना झाली. औषध निकामी झाल्याची खूण न्यूयॉर्कच्या ३६ टक्के लोकांच्या लघवीत सापडली, दक्षिण भारतीयांत मात्र सुमारे १४ टक्क्यांत. गोळीचं भवितव्य भूगोलाबरोबर बदलू शकतं, हे १९८९ सालीच छापून आलं होतं.

२०१९ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २७१ औषधं आतड्यातल्या ७६ जिवाणूंसमोर ठेवली. जवळपास दोन तृतीयांश औषधांना एखाद्या तरी जिवाणूने बदलून टाकलं. त्याआधी २०१८ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे हजारावर औषधं तपासली गेली होती. माणसाच्या पेशींसाठी बनवलेल्या, अँटिबायोटिक नसलेल्या औषधांपैकी सुमारे चौथा हिस्सा आतड्यातल्या एखाद्या तरी जिवाणूची वाढ रोखतो, असं तेव्हा दिसलं. २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातले किरण पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक प्रकार दाखवला. काही जिवाणू औषध मोडत नाहीत, बदलतही नाहीत. ते नुसतं आपल्या पोटात साठवून ठेवतात.

स्टॅटिनच्या बाबतीत तर औषधउद्योगालाही जिवाणूंचं हे कसब ठाऊक होतं. प्रावास्टॅटिन हे औषध कॉम्पॅक्टिनपासून बनवलं जातं, आणि तो बदल करून घ्यायला कारखान्यात स्ट्रेप्टोमायसेस जातीच्या जिवाणूंना कामाला लावतात. टाकीतल्या जिवाणूला जे जमतं, त्याच्यासारखं काही आतड्यातल्यांना जमणार नाही, असं कसं म्हणावं? लोव्हास्टॅटिन आणि सिमव्हास्टॅटिन गोळीत असतात तेव्हा निष्क्रिय असतात. त्यांच्या रेणूतलं एक कडं उघडलं, तरच ती काम करतात. हे कडं उघडायला शरीराची विकरं आहेतच, जिवाणूही मदत करतात. अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांच्या रक्तात लोव्हास्टॅटिनचं हे उघडलेलं, कामाचं रूप कमी भरलं, असं दक्षिण कोरियातल्या संशोधकांना २०१४ मध्ये आढळलं. उंदरांवरून माणसाचा निष्कर्ष काढू नये, हे एंडो यांच्या कोंबड्यांनी आपल्याला शिकवलेलंच आहे. पण कुठे शोधायचं, ते मात्र यातून कळलं.

गुणाबरोबर येणारा दोष

या सगळ्या धाग्यांची गाठ माणसांत बसते का, हे अमेरिकेतल्या सिअॅटल इथल्या संशोधकांनी २०२२ मध्ये पाहिलं. अठराशेहून जास्त अमेरिकी लोकांची आणि पडताळणीसाठी युरोपातल्या जवळपास हजार लोकांची माहिती त्यांच्याकडे होती. आतड्यातल्या जिवाणूंच्या मेळानुसार माणसांचे ढोबळ गट पडतात. कुठे बॅक्टेरॉइडिस वरचढ, कुठे प्रेव्होटेला, कुठे रुमिनोकॉकस घराणं. त्यांतल्या एका गटात बॅक्टेरॉइडिस भरपूर, पण एकूण विविधता कमी असते. तज्ज्ञ या गटाला आजाराच्या बाजूला झुकलेला मानतात.

स्टॅटिनचा सर्वांत जोरदार परिणाम याच गटात दिसला. विविधता असेल तितकी चांगली, असं आपण सगळीकडे ऐकतो. इथे विविधता कमी, तर एलडीएल जास्त उतरलेलं. औषधाला हात लावणारे जिवाणूच कमी असल्याने ते जास्त शिल्लक राहत असावं, असा एक अंदाज आहे. पण त्याच गटात रक्तातल्या साखरेचा कारभारही सर्वांत जास्त बिघडलेला दिसला. रुमिनोकॉकस घराण्याच्या गटात मात्र एलडीएल उतरलं आणि साखरेला धक्काही लागला नाही.

स्टॅटिनने मधुमेहाची शक्यता किंचित वाढते, हे आधीपासून ठाऊक आहे. २०१० मध्ये १३ चाचण्यांतल्या ९१ हजारांहून जास्त लोकांचा हिशेब मांडला गेला. त्यात ही वाढ ९ टक्के निघाली, म्हणजे २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतलं तर मधुमेहाचा एक जादा रुग्ण. हृदयाला होणारा फायदा याहून खूप मोठा आहे. पण तो एक जादा रुग्ण कोण, हे आधी कळलं तर? जिवाणूंच्या अभ्यासातून पुढे मिळण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. २०२४ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी याचा एक संभाव्य मार्गही मांडला. स्टॅटिनने आतड्यातले काही क्लॉस्ट्रिडियम जिवाणू घटतात, त्यामुळे पित्ताम्लांचा मेळ बदलतो, आणि इन्शुलिनला चालना देणारं जीएलपी-१ हे संप्रेरक कमी पडतं, असं त्यांचं म्हणणं.

मग स्टॅटिन जिवाणूंची वस्ती बिघडवतं का? गंमत अशी की उलट बाजूचा पुरावाही आहे. २०२० मध्ये बेल्जियमच्या येरून रास यांच्या गटाने युरोपीय लोकांत मोजणी केली. स्टॅटिन न घेणाऱ्या लठ्ठ व्यक्तींपैकी सुमारे १८ टक्के लोकांत तो आजाराकडे झुकलेला जिवाणूगट होता. स्टॅटिन घेणाऱ्या लठ्ठ व्यक्तींत तो सुमारे ६ टक्क्यांतच होता. स्टॅटिनने वस्ती सुधारली, की गोळी नियमित घेणारी माणसं एरवीही जपून राहतात म्हणून असं दिसलं? एका वेळी केलेल्या मोजणीतून कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे ठरत नाही.

आपल्या पोटाचं काय?

हे बहुतेक आकडे अमेरिकी आणि युरोपीय पोटांचे आहेत. आपली वस्ती वेगळी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या संशोधकांना निरोगी भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेलाचं वर्चस्व आढळलं होतं. भोपाळच्या आयसर या विज्ञानसंस्थेने २०१९ मध्ये भोपाळ आणि केरळ इथल्या ११० लोकांची तुलना केली. मुख्यतः शाकाहारी भोपाळकरांत प्रेव्होटेला ठळक होता. मासे-मांस खाणाऱ्या केरळी लोकांत बॅक्टेरॉइडिस, रुमिनोकॉकस आणि फीकॅलिबॅक्टेरियम हे जिवाणू जास्त होते. एकाच देशात एवढा फरक, तर सिअॅटलचं कोष्टक सांगलीला जसंच्या तसं लावता येणार नाही. भारतात अॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन घरोघरी पोचली आहेत. इथल्या पोटांचा स्वतंत्र अभ्यास ही आता चैन राहिलेली नाही.

तोवर आपण काय करायचं? पहिलं म्हणजे गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, आणि जिवाणूंच्या भरवशावर तर नाहीच. कोणत्या पोटाला कोणतं स्टॅटिन द्यावं, हे सांगणारी खात्रीची चाचणी आज दवाखान्यात नाही. त्यामुळे तसा दावा करणाऱ्या महागड्या तपासण्यांवर पैसे घालवायचं कारण नाही. दुसरं, अँटिबायोटिक लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आपण स्टॅटिन घेतो हे आवर्जून सांगायचं. यामागचं मुख्य कारण जिवाणू नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन यकृतातलं एक विकर अडवतात. त्यामुळे सिमव्हास्टॅटिनसारखी औषधं रक्तात साचतात आणि स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. तिसरं, ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्ट तांदळाच्या गोळ्या स्टॅटिनच्या जोडीने घ्यायच्या नाहीत. त्यातलं मोनॅकोलिन-के म्हणजेच लोव्हास्टॅटिन. औषध तेच, वेष्टन वेगळं.

आणि एक उपाय आपल्या घरातलाच. इसबगोल आपण बद्धकोष्ठावर घेतो. ते आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतं, म्हणजे कोलेस्टिरामिनचंच काम मवाळपणे करतं. २००५ मधल्या एका छोट्या चाचणीत १० मिलिग्रॅम सिमव्हास्टॅटिन आणि इसबगोल या जोडीने २० मिलिग्रॅम सिमव्हास्टॅटिनएवढं एलडीएल उतरवलं. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली, तरी एलडीएल साधारण सहाच टक्के जास्त उतरतं, हे माहीत असलं की या भुशीची किंमत कळते. फक्त ते गोळीच्या वेळेपासून अंतर ठेवून आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावं, डॉक्टरांना विचारून.

पुढच्या वेळी लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट हाती आला आणि आकडा मनासारखा उतरलेला नसला, तर औषध कुचकामी म्हणून सोडून देण्याची घाई नको. रोज गोळी घेतली का, मध्ये अँटिबायोटिकचा कोर्स झाला का, खाणं बदललं का, हे डॉक्टरांसमोर मांडावं. मात्रा वाढवता येते, औषध बदलता येतं, जोडीला दुसरं देता येतं. उंदरांचे रिपोर्ट पाहून एंडो यांनी कॉम्पॅक्टिन टाकून दिलं असतं, तर कोंबड्यांपर्यंत ते पोचलंच नसतं.